नांगराचा छाप असलेला पेला

प्रश्न : आमच्या घरी आजोबांच्या वेळेपासून चांदीचा एक लहान पेला आहे. त्याला एक कान आहे, उंची चार-पाच बोटं असेल. तळाशी भिंगातून पाहिलं की बारीक छाप दिसतात : चालणारा सिंह, जहाजाचा नांगर, डावीकडे तोंड केलेल्या एका बाईचं मस्तक, एक अक्षर आणि एका चौकटीत कुणाची तरी आद्याक्षरं. बाहेरच्या बाजूला सुरेख वळणाची तीन इंग्रजी अक्षरं कोरलेली आहेत. हा पेला इंग्रजांच्या आरमारातल्या एका अधिकाऱ्याचा, तो यातून दारू प्यायचा आणि पेला तीन-साडेतीनशे वर्षांचा आहे, असं घरात सांगतात. नांगर आहे म्हणजे आरमाराचाच ना? इंग्लंडमध्ये जुने चांदीचे पेले जमवणारे शौकीन असतात म्हणे. ते नेमकं काय जमवतात? आमचा पेला त्यांच्या कामाचा आहे का? आणि तो काळा पडलाय, सोनाराकडून उजळून घेऊ का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नांगराचा आणि आरमाराचा काही संबंध नाही. हा नांगर बर्मिंगहॅमचा आहे आणि बर्मिंगहॅम वसलंय इंग्लंडच्या ऐन मध्यात, समुद्रापासून चांगलंच दूर. तुमच्या पेल्याच्या चांदीचा कस त्या शहरातल्या कचेरीत तपासला गेला, एवढंच तो छाप सांगतो.

त्या शहराला हा नांगर मिळाला कसा, ते ऐकण्यासारखं आहे. अठराव्या शतकात बर्मिंगहॅममध्ये चांदीचं काम भरपूर होत असे, पण गावात तपासणीची कचेरी नव्हती. माल चेस्टरला पाठवावा लागे. सत्तर मैलांचा खडबडीत रस्ता. परत येईपर्यंत एखाद्या भांड्याला पोचा पडलेला, एखाद्याचा कान वाकलेला. मॅथ्यू बोल्टन हा तिथला मोठा कारखानदार. जेम्स वॅटबरोबर वाफेच्या इंजिनांचा धंदा करणारा तो हाच. त्याने संसदेत खटपट केली, शेफील्डच्या कारागिरांनीही केली आणि १७७३ साली दोन्ही गावांना आपापली कचेरी मिळाली. या कामासाठी लंडनला आलेली मंडळी स्ट्रँडवरच्या ‘क्राउन अँड अँकर’ नावाच्या खानावळीत जमत. त्या पाटीवरचा मुकुट शेफील्डने घेतला आणि नांगर बर्मिंगहॅमकडे आला. कुणी काय घ्यायचं ते नाणं उडवून ठरवलं, असंही सांगतात. बर्मिंगहॅम आजही तोच नांगर मारतं.

आता बाकीचे छाप. चालणारा सिंह म्हणजे स्टर्लिंग चांदी : हजार भागांत ९२५ भाग चांदी आणि उरलेलं बहुतेक तांबं. हा सिंह १५४४ पासून आहे. चौकटीतली आद्याक्षरं कारागिराची किंवा कारखानदाराची. सुटं अक्षर सालाचं. बाईचं मस्तक मात्र तुमच्या दृष्टीने सगळ्यांत कामाचं, कारण ती व्हिक्टोरिया राणी आहे. १७८४ साली इंग्लंडात चांदीच्या भांड्यांवर कर बसला आणि कर भरल्याची खूण म्हणून गादीवरच्या राजाचं मस्तक उमटवायला सुरुवात झाली. १८९० साली कर उठला, मस्तकही गेलं. आधी तिसरा जॉर्ज, मग चौथा जॉर्ज, चौथा विल्यम आणि शेवटी व्हिक्टोरिया. म्हणजे तुमचा पेला १८३८ ते १८९० या अर्ध्या शतकातला, हे एका नजरेत ठरलं. नेमकं साल त्या सुट्या अक्षरावरून निघेल. बर्मिंगहॅमचा तक्ता उघडायचा, अक्षर लहान की मोठं, साधं की गॉथिक वळणाचं, भोवतीची चौकट कोणत्या आकाराची, ते जुळवायचं. तिथे अक्षर जुलैत बदलत असे, म्हणून एका अक्षरात दोन सालांचे तुकडे येतात.

आणि तो दारूचा पेलाही बहुधा नसावा. चार-पाच बोटं उंची, एक कान, बाजूला तीन आद्याक्षरं आणि व्हिक्टोरियाचा काळ हे सगळं एकत्र आलं की माझ्यासमोर एकच वस्तू उभी राहते : बाप्तिस्म्याचा मग. इंग्लंडात बाळाच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता किंवा धर्ममाता असा मग देत आणि त्यावर बाळाची आद्याक्षरं कोरून घेत. आपल्याकडे उष्टावणाला मामा चांदीची वाटी आणतो, तसंच ते. बर्मिंगहॅमच्या कारखान्यांनी असे मग मोठ्या संख्येने घडवले. तेव्हा ती तीन अक्षरं एखाद्या अधिकाऱ्याची असतीलही, पण पेला त्याच्या हाती आला तेव्हा त्याला दात आले नसावेत.

घरातली गोष्ट चुकली म्हणून वाईट वाटून घेऊ नका. इंग्लंडातल्या सगळ्यांत नामांकित पेल्याच्या बाबतीतही हेच झालंय. किंग्ज लिन या गावात सोन्याचा मुलामा दिलेला, निळ्या-हिरव्या मीनाकारीवर शिकारीला निघालेले स्त्री-पुरुष असलेला उंच पेला आहे. तो गावाला जॉन राजाने दिला, असं पिढ्यान् पिढ्या सांगत आले. नावही ‘किंग जॉन कप’ पडलं. जॉन राजा वारला १२१६ मध्ये आणि पेला घडला १३४०च्या सुमारास. नाव तसंच राहिलं. गावाने पेला जपला, हे महत्त्वाचं.

आता जमवणाऱ्यांकडे वळू. इंग्रजी चांदीचाच एवढा शौक का, तर तिच्याएवढी बोलकी चांदी क्वचितच सापडते. १३०० साली पहिल्या एडवर्डने कायदा केला की स्टर्लिंगहून हलकी चांदी विकायची नाही आणि तपासलेल्या भांड्यावर बिबट्याचं तोंड उमटवायचं. १३६३ पासून कारागिराची खूण आली, १४७८ पासून सालाचं अक्षर. तेव्हापासून आजवर ही साखळी चालू आहे. पाचशे वर्षांपूर्वीचा पेला हातात घेऊन तो कोणत्या साली तपासला गेला ते सांगता येतं. कारागीर कोण, हेही पुष्कळदा कळतं. चार्ल्स जॅक्सनने १९०५ साली या खुणांचा जाडजूड ग्रंथ काढला. १६९७ नंतरच्या लंडनच्या कारागिरांसाठी आर्थर ग्रिमवेडचं पुस्तक आहे. आणि शौकिनांच्या खिशात ब्रॅडबरीची छोटी पुस्तिका असतेच.

तरीही फार जुने पेले हाताच्या बोटांवर मोजावेत इतके कमी उरलेत. चांदीचं भांडं ही साठवलेली रोकड होती. गरज पडली की मोडीत गेलं, फॅशन बदलली की आटवून नवं घडवलं. आठव्या हेन्रीच्या आणि त्याच्या मुलाच्या काळात चर्चची चांदी गेली. पुढे यादवी युद्धात पहिल्या चार्ल्सने १६४३ साली ऑक्सफर्डच्या कॉलेजांकडून भांडी मागून घेतली आणि तिथेच टांकसाळ घालून नाणी पाडली, सैन्याचा पगार भागवायला. १६६० पूर्वीचा घरगुती पेला म्हणूनच एवढा दुर्मीळ. जे वाचलं ते बहुधा कशाच्या तरी आडोशाने वाचलं. विल्टशायरमधल्या लेकॉक गावचा पेला पंधराव्या शतकातला. मुळात मेजवानीचा, झाकणाचा, अंगावर जवळजवळ काहीच नक्षी नाही. गावच्या चर्चमध्ये तो प्रसादाच्या द्राक्षमद्यासाठी वापरात राहिला आणि त्यामुळेच टिकला. २०१३ साली ब्रिटिश म्युझियम आणि विल्टशायर म्युझियम यांनी मिळून तो १३ लाख पौंडांना घेतला. सायरेन्सेस्टरच्या चर्चमध्ये १५३५ सालचा अ‍ॅन बुलिन राणीचा पेला आहे, झाकणावर तिचा बहिरी ससाणा. पुढच्याच वर्षी तिचा शिरच्छेद झाला, पेला राहिला.

असल्या वस्तू संग्रहालयांच्या. साधा शौकीन १६६० नंतरच्या मालात रमतो आणि तिथे गंमत भरपूर आहे. मला स्वतःला सगळ्यांत आवडतो तो टंबलर कप. कान नाही, बैठक नाही, नक्षी नाही. चांदीची एक जाड चकती घेऊन ती हातोडीने ठोकत ठोकत वर उचलायची. भिंती पातळ होत जातात आणि तळ मुद्दाम जाड ठेवलेला असतो, बाहेरून गोलसर. टेबलावर ठेवून बोटाने कलवला तर पेला डोलतो आणि पुन्हा सरळ उभा राहतो. आत पाहिलं तर हातोडीचे पुसट घाव अजून दिसतात. कारागिराला इथे लपायला जागाच नसते, सगळी करामत जाडी कुठे ठेवायची आणि कुठे काढायची यात. मोठमोठ्या नक्षीदार चषकांपेक्षा असा एक पेला घ्यावा, असं माझं मत आहे.

याशिवाय शिकारीला निघताना घोड्यावर बसल्या बसल्या प्यायचे कोल्ह्याच्या तोंडाचे पेले. त्यांना बैठक नसते, रिकामा केल्याशिवाय खाली ठेवता येत नाही. आतल्या बाजूला खुंट्या असलेले टँकर्ड, म्हणजे झाकणाचे मोठे मग, एकाने एका खुंटीपर्यंत पिऊन पुढच्याकडे द्यायचे. पैजेचे पेले : घेरदार झग्यातली बाई, तिच्या डोक्यावर उचललेल्या हातांत दुसरा छोटा झुलता पेला, झग्यातलं पिताना वरचं सांडायचं नाही. लंडनच्या वाइन व्यापाऱ्यांच्या व्हिंटनर्स कंपनीकडे असा एक प्रसिद्ध पेला आहे.

जमवणाऱ्याला मी एकच गोष्ट सांगेन : तळ उलटा करून छाप वाचायची घाई करू नका. आधी पेला बघा. आकार, वजन, कान कसा जोडलाय, कड कशी वळवलीय, हे सगळं एका काळाचं वाटतं का? मग छाप वाचा आणि दोन्ही एकच साक्ष देतात का ते पाहा. छाप खरा असून पेला खोटा असू शकतो, आणि असे पेले बरेच आहेत.

याला एक कारण करचुकवेगिरी. १७८४ च्या कराच्याही आधी, १७२० साली चांदीवर औंसाला सहा पेन्स कर बसला होता. मोठ्या जड पेल्यावर ती रक्कम डोळ्यांत भरण्याएवढी होई. मग कारागीर एखादी छोटीशी, हलकी वस्तू तपासायला पाठवत, तिच्यावर थोडासा कर भरत, तिचा छाप असलेला तुकडा कापून काढत आणि तो मोठ्या पेल्याच्या तळात डाख देऊन बसवत. पॉल द लामेरीसारखा लंडनचा नावाजलेला कारागीरही यातून सुटला नाही. पुढे हीच युक्ती जुन्या मालाची नक्कल करणाऱ्यांनी उचलली. मोडक्या जुन्या वस्तूचा छाप कापून नव्या पेल्यात घातला की झालं काम. ओळखायचं कसं, तर तळाशी छापाच्या भोवती तोंडाची वाफ सोडायची. धातूवर दव धरतं आणि क्षणभर डाखाची गोल रेघ वेगळी दिसते. तसंच कोरलेल्या चिन्हांचं. जुन्या मालकाचं घराण्याचं चिन्ह घासून काढलं असेल तर तिथला पत्रा पातळ होतो. अंगठ्याने हलकं दाबलं की आत जातो. जुन्या पेल्यात अशी पातळ जागा लागली की किंमत निम्म्यावर यायला वेळ लागत नाही.

दुसरी तऱ्हा टँकर्डची. हे मग सतराव्या-अठराव्या शतकात बिअरसाठी घराघरांत असत. व्हिक्टोरियाच्या काळात श्रीमंतांच्या टेबलावर त्यांना जागा उरली नाही, तेव्हा अनेकांनी त्यांना चोच बसवून पाण्याची किंवा कॉफीची झारी करून घेतली. त्यावर फुलापानांचं उठावाचं कामही करवलं. मूळ छाप जॉर्जच्या काळाचा, चोच आणि फुलं शंभर वर्षांनंतरची. इंग्लंडच्या कायद्याने अशी नंतर जोडलेली चोच वेगळी तपासून घेतल्याशिवाय वस्तू विकता येत नाही. काहींनी पुढे चोच काढून भोक बुजवलं आणि पुन्हा टँकर्ड केला. त्याच्या आत बोट फिरवलं की ठिगळ कळतं.

छाप आणि पेला जुळवायचं कसं, याचं एक उदाहरण देतो. समजा, लंडनचा पेला आहे : सिंह, मुकुट घातलेला बिबट्या, अक्षर लहान वळणाचं ‘बी’. लंडनच्या तक्त्यात हे अक्षर १७३७ ला सापडतं, १७७७ ला सापडतं आणि १८१७ लाही. लंडनची माला वीस अक्षरांची, त्यामुळे काही वळणं पुन्हा पुन्हा येतात. राजाचं मस्तक नाही, म्हणजे १८१७ बाद. कारागिराची खूण आहे लपेटदार ‘एचबी’, आणि ही खूण हेस्टर बेटमनने १७६१ साली लंडनच्या तपासणी कचेरीत, गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये नोंदवली. म्हणजे १७३७ ही बाद. उरलं १७७७. आता पेला बघा. बेटमनच्या कारखान्यातला माल हलक्या पत्र्याचा, कडेला मण्यांची ओळ, चमकती उथळ कोरणी असा असतो. तुमच्या हातातला पेला जाड, जड आणि खोल नक्षीचा असेल तर थांबा, काहीतरी गडबड आहे.

ही हेस्टर बेटमन मोठी बाई होती. नवरा साखळ्या घडवायचा. तो १७६० मध्ये वारल्यावर तिने लंडनच्या ‘बनहिल रो’ या रस्त्यावरचा कारखाना चालवला, मुलांना हाताशी घेऊन १७९० पर्यंत. तिचं नाव झालं, म्हणून तिच्या खुणेच्या नकलाही झाल्या. पन्नाशीनंतर नवा धंदा उभा करणाऱ्या त्या बाईच्या हातचं काही घ्यायचं तर त्यात खोट चालवून घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

एक इशारा खास आपल्याकडच्या वाचकांसाठी. इंग्रजी राजवटीत आपल्या देशात चांदी तपासून छाप मारणारी सरकारी कचेरीच नव्हती. कलकत्त्याच्या हॅमिल्टन कंपनीसारखे किंवा मद्रासच्या पी. ऑर अँड सन्ससारखे सराफ आपल्याच खुणा मारत. काहींच्या खुणा लांबून लंडनच्या छापांसारख्या दिसतात. हत्ती दिसला तर तो इंग्लंडचा छाप नाही, हे लक्षात ठेवा. असा माल कमी प्रतीचा असतो असं अजिबात नाही. त्याचे वेगळे शौकीन आहेत. आणि ‘ईपीएनएस’ अशी अक्षरं असतील तर ती चांदीच नव्हे. तो चांदीचा मुलामा. १८४० साली बर्मिंगहॅमच्याच एल्किंग्टनने विजेने मुलामा चढवायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि घरोघरी अशी भांडी पसरली.

उजळण्याबद्दल. सोनाराकडे बिलकूल देऊ नका. चाकावर पॉलिश केलं की पेला लखलखेल, पण छापांच्या कडा गुळगुळीत होतील आणि कोरलेली अक्षरं पुसट होतील. मग त्या पेल्याची साक्षच गेली. टूथपेस्ट, राख, रांगोळी, चिंच हेही नको. प्रत्येक वेळी थोडी चांदी निघून जाते. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे आणि कोकणच्या दमटपणात जास्त लवकर. कोमट पाणी, साध्या साबणाचा फेस, मऊ सुती फडकं, लगेच कोरडं करणं, एवढं पुरे. तरीही काळपट राहिलं तर चांदी पुसायचं कापड मिळतं, त्याने हलक्या हाताने, छापांवर न घासता. वापरात नसेल तेव्हा धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा. वर्तमानपत्र आणि रबरबँड नको, रबरातही गंधक असतं. कोरलेल्या रेघांत थोडा काळेपणा राहू द्या. त्यामुळेच अक्षरं वाचता येतात.

विकायचा विचार असेल तर व्हिक्टोरियाच्या काळातले बाप्तिस्म्याचे मग तिकडे भरपूर आहेत, तेव्हा फार मोठ्या रकमेची अपेक्षा नको. मोडीच्या भावाच्या वर काय मिळेल ते कारागीर कोण, घडण कशी आणि अक्षरं कुणाची यावर. हा पेला बॅगेत घालून परदेशी नेण्याआधी मात्र चौकशी करा. १९७२ च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या बहुतेक ऐतिहासिक वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तज्ज्ञांना वस्तू दाखवून, ती या कायद्यात बसत नसेल तर तसा दाखला घ्यावा लागतो. विमानतळावर वाद घालण्यापेक्षा ते आधी केलेलं बरं.

मुलाबाळांकडे लंडनला जाणार असाल तर व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली चांदीची दालनं चुकवू नका, तिथे तिकीट नाही. तिथे नजर तयार झाली की चॅन्सरी लेनला सिल्व्हर व्हॉल्ट्समध्ये जा. जमिनीखालचा तिजोऱ्यांचा हा तळ १८८५ सालचा, आता त्यात चांदीच्या दुकानांची रांग आहे. काचेतून पाहून चांदी कळत नाही आणि तिथले बरेच दुकानदार वस्तू हातात देतात. एखादा टंबलर कप मागा. टेबलावर ठेवून कलवून बघा.

तुमच्या पत्रात सालाचं अक्षर कुठलं ते लिहायचं राहिलंय. पेला खिडकीपाशी आडव्या उजेडात धरा, छापांवर तोंडाची वाफ सोडून ती फडक्याने हलकेच टिपा आणि सगळे छाप एका चौकटीत येतील असा जवळून फोटो काढून पाठवा. अक्षराभोवतीच्या चौकटीचे कोपरे स्पष्ट दिसले पाहिजेत. आणि त्या तीन आद्याक्षरांचाही एक फोटो असू द्या.